पाऊस कोणी मोजावा?



वैशाखाच्या उन्हात बसून पावसावर बोलणे म्हणजे उपाशी पोटी पक्वान्नांची गोष्ट सांगण्यासारखेच आहे. त्यातून बोलणारे आम्ही; कामगार संघटनेत तीस वर्षे घातलेली, पण कॉलेजची पायरी कधी न चढलेली माणसे. आमचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. मग हवामानाच्या इतिहासावर बोलण्याचा आम्हाला अधिकार कोणता, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, कामगार चळवळ मुळात मोजमापाचीच चळवळ आहे. कामाचे तास किती, वजन किती, हजेरी किती, या प्रश्नांवरच आमचे निम्मे आयुष्य गेले. मापाचे भांडे ज्याच्या हातात, त्याचा शब्द खरा ठरतो, एवढे आम्ही त्यातून शिकलो. पावसालाही हेच लागू आहे, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम आपल्या मुलखाकडे पाहू. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडे उतरत गेलेले आहेत. नाणेघाटाच्या किंवा भीमाशंकरच्या बाजूला आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भाताची खाचरे तुडुंब भरतात. तेथून पूर्वेला निघालो की नारायणगाव, मंचरच्या बाजूला द्राक्षे, ऊस, टोमॅटो. आणि आणखी पुढे आण्याच्या पठारावर गेलो तर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारी माणसे. एकाच तालुक्याच्या एका टोकाला छत्री मिटत नाही, दुसऱ्या टोकाला उघडत नाही. अशा मुलखात 'तालुक्यात आज इतका पाऊस झाला' या वाक्याला काय अर्थ उरतो? ज्या गावाने आंबेगाव तालुक्याला नाव दिले ते गाव तर स्वतःच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. पाऊस, पाणी आणि कामगार यांचे नाते आमच्या तालुक्यात असे जुने आहे.

पाऊस मोजण्याची कल्पना काही साहेबांनी आणलेली नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, रुंद तोंडाचे कुंड पाऊस मोजण्यासाठी ठेवावे असे सांगितले आहे. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याचा हिशेबही तेथे आहे. अवंतीला २३ द्रोण. आणि अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणाला, अमित. नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहून खालच्या कोकणातून वर चढणारे ढग ज्याने पाहिले आहेत, त्याला हा 'अमित' शब्द किती नेमका आहे हे सांगावे लागणार नाही. पण लक्षात घ्या, ते कुंड कोठारापाशी होते, शेतकऱ्याच्या अंगणात नव्हते. माप राजाचे, हिशेब साऱ्याचा. शेतकऱ्याच्या वाट्याला आले ते सहदेव-भाडळी आणि पंचांगातले नक्षत्राचे वाहन. यंदा बेडूक की म्हैस, यावरून त्याने पेरणीचा अंदाज बांधावा! आम्ही त्या ज्ञानाची थट्टा करीत नाही. त्यात पिढ्यांचे निरीक्षण आहे. परंतु निरीक्षण लिहून ठेवल्यावाचून ते तपासता येत नाही, आणि तपासल्यावाचून ते शास्त्र होत नाही.

दख्खनच्या हवेची पद्धतशीर नोंद करणाऱ्यांत कर्नल विल्यम साइक्स यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबई सरकारने त्यांना आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. हा मनुष्य वायुभारमापक बरोबर घेऊन मुलूखभर हिंडला. हवेचा दाब सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चार-पाचला उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा, हे त्यांनी दाखवून दिले. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचा हा निबंध छापला. आमच्या शेजारच्या हरिश्चंद्रगडावरून दरीतल्या धुक्यात दिसणारे गोल इंद्रधनुष्यही त्यांनी वर्णिले आहे.

दुसरे नाव डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचे. जुन्नरजवळ हिवरे येथे सरकारी औषधी बाग होती, तिच्याशी त्यांचा संबंध होता. पुढे १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगल तोडले की झरे आटतात आणि हवा कोरडी पडते, असे ते सरकारला पुनःपुन्हा लिहीत राहिले. हे दोघेही परक्या सत्तेचे नोकर होते, आणि त्या सत्तेला आकडे हवे होते ते महसुलासाठी, हे विसरता येत नाही. पण खरा आकडा एकदा कागदावर उतरला की तो धन्याचाच राहतो असे नाही, हेही तितकेच खरे.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली निघाली आणि १८४१ पासून तेथे हवेच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. त्या काळात तेथे काम करणाऱ्यांत केरो लक्ष्मण छत्रे हे एक होते. वय अवघे सोळा-सतरा. हेच पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले आणि लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेले. छत्र्यांचे नाव राहिले. परंतु रात्री कंदील घेऊन वेळ न चुकवता यंत्राचा आकडा टिपणारे जे इतर मदतनीस होते, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. शंभर वर्षांचे कोष्टक म्हणजे अशा निनावी माणसांची जागरणे होत. कामगार म्हणून आम्हाला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटते.

१८६४ साली कलकत्त्यावर भयंकर वादळ आले. १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. तेव्हा कोठे सरकारला जाग आली आणि १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली. खात्याचे मुख्य ठाणे कलकत्त्याहून १९०५ साली सिमल्यास आणि तेथून १९२८ साली पुण्यास आले. पुणेकर त्या इमारतीला अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात ते यामुळेच. १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले. तालुक्याच्या गावी मात्र मामलेदार कचेरीच्या आवारातले पर्जन्यमापक आणि रोज सकाळी तो आकडा वहीत चढवणारा कारकून, हीच कित्येक वर्षे पावसाची अधिकृत वाणी होती.

याच सुमारास इंग्लंडात एक निराळा प्रयोग चालला होता. जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थांनी १८६० पासून घरोघरी पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांची संघटना बांधली. प्रारंभी दीडशेच्या वर माणसे होती. १९०० साली सायमन्स वारले तेव्हा ही संख्या तीन हजारांवर गेली होती. स्त्रिया होत्या, पुरुष होते, सर्व थरांतले लोक होते. सर्वांसाठी मोजण्याची वेळ एक, नियम एक. आपल्याकडचे साधे पर्जन्यमापक सायमन्स यांच्याच नावाने ओळखले जाते. संघटना म्हणजे काय हे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही हेच उदाहरण देऊ. एकट्याचा आकडा ही हौस असते. तीन हजारांचा आकडा हा पुरावा असतो.

आता थोडे आमच्या स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी बांधकामावरच्या मजुरांचा एक तंटा आमच्याकडे आला. पावसामुळे काम बंद होते असे सांगून ठेकेदाराने बऱ्याच दिवसांचे खाडे लावले होते. आमच्या अंगणात पर्जन्यमापक होते आणि वही होती. त्या वहीत त्यांतल्या निम्म्याहून अधिक दिवशी शून्य लिहिलेले. आम्ही मोठ्या तोऱ्यात वही टेबलावर ठेवली. ठेकेदाराच्या मुनिमाने शांतपणे विचारले, "आपले भांडे कोठे ठेवले आहे?" ते आंब्याच्या झाडाखाली होते. फांदीने किती पाऊस अडवला कोण जाणे! आमची बाजू खरी होती, पण माप खोटे होते. अखेर अर्ध्याच खाड्यांची मजुरी पदरात पडली. ज्या बाईचे चार दिवस त्यात बुडाले ती आम्हाला काही बोलली नाही. ते अधिक लागले.

त्यानंतर आम्ही नियम शिकलो. झाड किंवा भिंत जितकी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर भांडे असावे. त्याची कड जमिनीपासून फूटभर वर असावी. मोजणी रोज सकाळी साडेआठला व्हावी, कारण हवामान खात्याची वेळ तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दहा मिलिमीटर झाला तर एकरावर चाळीस हजार लिटर पडले. पुढे वर्गणी काढून स्वयंचलित केंद्रही बसवले. त्यात एक लहानशी ढेकळी असते. ठराविक थेंब साठले की ती कलते आणि एक ठोका मोजला जातो. तापमान, आर्द्रता, वारा यांसह तो आकडा इंटरनेटवर जातो आणि कोणालाही पाहता येतो. १९९५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'वेदर अंडरग्राउंड'सारख्या जाळ्यात आज जगभरची अशी लाखो घरगुती केंद्रे जोडलेली आहेत. नारायणगावच्या बाजूचा द्राक्षबागाईतदार आर्द्रतेचा आकडा पाहून केवडा आणि भुरीची फवारणी ठरवतो. परंतु जोराच्या सरीत ढेकळी कमी मोजते, आणि वादळ ऐन भरात आले की वीज जाते. म्हणून साधे भांडे आणि वही आम्ही सोडलेली नाही.

या आकड्यावर काय काय अवलंबून आहे पाहा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. पंचनामे, नुकसानभरपाई त्यापुढे. ६४ झाला तर नाही! 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळ हे एकक धरून राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ही मोठीच सुधारणा. तरी डोंगराळ मंडळात एका केंद्राने सगळ्या दऱ्यांची साक्ष कशी द्यावी? शेजारच्या खोऱ्यात ढग फुटला तरी त्या केंद्राला त्याचा पत्ता नसतो.

आणि भरपाई हा प्रश्नही लहान वाटावा अशी सकाळ आमच्या तालुक्याने पाहिली आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी पहिल्याने दिली ती एस.टी.च्या एका चालकाने. नेहमीच्या रस्त्याने गाडी नेली, तर गाव जागेवर नव्हते. उतारावरचे यंत्राने केलेले सपाटीकरण कारणीभूत होते की नाही, यावर पुष्कळ वाद झाला. पण अखेरचा धक्का पावसाचा होता. साडेआठचे मोजमाप हे मागल्या चोवीस तासांचे असते. रात्रीतून डोंगर किती भिजला हे ते सकाळीच सांगणार. तेथे तासातासाचा आकडा हवा, त्याच खोऱ्यातला हवा, आणि तो पाहून माणसांना उठवणारा कोणी हवा.

हे स्वप्नरंजन नव्हे. केरळात वायनाड येथे ह्यूम सेंटर या संस्थेने स्थानिक लोकांच्या मदतीने दोनशेच्या आसपास पर्जन्यमापकांचे जाळे विणले आहे. २०२० साली मुंडक्कई भागात त्यांच्या इशाऱ्यावरून माणसे हलवली गेली आणि वाचली. पुढे २९ जुलै २०२४ रोजीही त्यांनी प्रशासनाला इशारा दिला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे दरड कोसळली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. तारीख ३० जुलै. माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी. तेव्हा मोजणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. ऐकणारा कान नसेल तर आकडा मुका राहतो.

श्रोतेहो, पाऊस कोणी मोजावा, या प्रश्नाचे आमचे उत्तर आता आपल्या ध्यानात आले असेल. सरकारने मोजावा, कारण ते त्याचे कर्तव्य आहे. आणि आपणही मोजावा, कारण छप्पर आपले आहे. शाळेच्या आवारात, वाडीच्या देवळापुढे, एस.टी.च्या आगारात, एका मापाचे भांडे आणि एक वही ठेवायला फार पैसा लागत नाही. लागते ती रोज साडेआठची शिस्त. मृगाला अजून काही आठवडे आहेत. तेवढ्यात भांडी मांडून होतील. फक्त आंब्याखाली मांडू नका.