वांद्र्याचा आल्टो

चार आवाजांच्या गायनात आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाच्या, वाट्याला चाल सहसा येत नाही. चाल सोप्रानोची, पाया बासचा, टेनरला अधूनमधून मिरवून घेता येतं. आल्टोने चार-पाच सुरांच्या आत फिरत राहायचं आणि इतरांना जागा करून द्यायची. ती चुकली तरच लोकांना कळतं की ती होती. ओट्यापाशी उभी राहून ती आपला भाग गुणगुणत असेल, तर शेजारणीला गाणं कुठलं हे ओळखता येत नाही. वर्षानुवर्षं मुख्य चाल न गाता गाणारी अशी माणसं वांद्र्यात सहज भेटतात. कुणी शाळेत शिकवतात, कुणी बँकेतून निवृत्त झालेल्या, कुणी फोर्टमधल्या कचेरीत सेक्रेटरी होत्या. संध्याकाळी प्रॅक्टिसला जायचं, हातात छापील कागद धरून दोन तास उभं राहायचं आणि रिक्षाने घरी परतायचं. या गाण्यावर बहुतेकांचं पोट चालत नाही.

मराठी कानाला हे सगळं जरा परकंच आहे. आपल्याकडे समूहात गाणं पुष्कळ आहे. कीर्तनात बुवा पुढे होतात आणि टाळकरी ध्रुपद धरतात. वारीत हजारो लोक एका अभंगावर चालतात. शाळेत समूहगीतांच्या स्पर्धा होतात. पण चाल एकच असते. शंभर गळे असले तरी सूर एक व्हावा यासाठी सगळी धडपड. शेजारचा माणूस वेगळा सूर लावतो आहे आणि आपण आपला न सोडता त्याच्याशी जुळवून घ्यायचं, हे आपल्या कुठल्याच तालमीत शिकवत नाहीत. उलट कानाखाली बसण्याचीच शक्यता जास्त. मग हा कान वांद्र्याला कुणी दिला?

पहिला दुवा सगळ्यांना ठाऊक असतो. १५३४च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्री आले. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च १५७५चं. पाद्री जिथे गेले तिथे त्यांनी मुलांना गोळा करून प्रार्थना शिकवल्या, आणि त्या गाऊनच शिकवल्या. मात्र त्यातलं ग्रेगोरियन गायन एकसुरीच होतं. युरोपात तेव्हा बहुस्वरी गायन भरात होतं, तरी गावातल्या चर्चमध्ये रोज चालणारं गाणं साधं, एका ओळीचं. गोव्यातल्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६ साली छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ ओवीत आहे, आणि ती ओवीही एका चालीची. चर्चमधली पहिली मोठी मराठी रचना आपल्या जुन्या वळणावरच गेली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४मध्ये इंग्रजांकडे गेली. पोर्तुगीज गेले. जे लोक पुढे १८८७मध्ये स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवू लागले, ते कोळी, कुणबी, आगरी मुळाचे ख्रिस्ती मात्र इथेच राहिले, घरी मराठीच बोलत राहिले. लग्नातली त्यांची गाणी, उंबराच्या पाण्याच्या विधीला जाताना म्हटली जाणारी गाणी, ही सगळी मराठीत आणि बायकांच्या तोंडी. वांद्र्याची चिंबई, रानवर, पाली, शेरली ही गावं या गाण्यांची. ती चर्चच्या माळ्यावर, क्वायरच्या जागी, कधी चढली नाहीत. एकाच घरातली माणसं रविवारी लॅटिन म्हणत आणि लग्नघरात मराठी. या दोन गाण्यांची गाठ पडली नाही. या कुळकथेत मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून गाणं, आली ती मुख्यतः गोव्यातून. तिथल्या प्रत्येक चर्चला जोडलेली एक शाळा असे आणि शाळेला एक मेस्त्र. मेस्त्र म्हणजे गावचा ऑर्गनवादक, क्वायरमास्टर, व्हायोलिन शिकवणारा आणि बँडचा म्होरक्या, सगळं एकाच माणसात. शिकवण्याची रीत कडक होती. आधी सोल्फेज: कागदावरचे सूर तोंडाने म्हणायचे, हाताने ताल द्यायचा. वाद्याला हात नंतर. गळा चांगला असलेला पोरगा वरच्या आवाजात गाई. आवाज फुटला की खालच्या आवाजात जाई किंवा व्हायोलिन हाती घेई. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, गायले जाणारे मोतेत याच मेस्त्रांनी रचलेले, तीन-तीन आवाजांचे, बरोबर व्हायोलिन आणि क्लॅरिनेट. गावच्या जमीनदाराच्या पोराला आणि त्याच्या कुळाच्या पोराला सारखंच मिळणारं शिक्षण बहुधा हे एवढंच असावं. आणि या शिक्षणाला बाजारात किंमत होती. संगीत वाचता येणारा माणूस संस्थानिकाच्या बँडमध्ये, आगबोटीवर, मूकपटाच्या पडद्यापुढे, हॉटेलात, कुठेही चाले.

म्हणून ती माणसं मुंबईला आली. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, उतरली, आणि संसार थाटायची वेळ आली तेव्हा त्यांतली बरीच माहीम-वांद्र्याकडे सरकली. रेल्वे १८६७पासून धावत होती. १९१८मध्ये वांद्र्यात साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. बंगले, अंगणं, घराघरांत पियानो. हिंदी सिनेमाने आवाज काढला तेव्हा नोटेशन वाचणारे लोक हवे होते आणि ते इथेच राहत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे यातलं ठळक नाव. चर्चच्या क्वायरमास्टरचा मुलगा, सिनेमातला व्हायोलिनवादक आणि अरेंजर, संगीतकार प्यारेलाल यांचा गुरू. १९५८मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना घेऊन रागांवर आधारलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदात वाजवलं. १९७७च्या सिनेमात अमिताभच्या पात्राला आणि त्याच्या गाण्याला त्यांचं नाव मिळालं. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना तो मेस्त्रांच्या परंपरेला केलेला सलाम वाटला असेल कोण जाणे! शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा हेही त्याच मुशीतले. आठवडाभर मेहबूब स्टुडिओत किंवा ताडदेवला रेकॉर्डिंग आणि रविवारी चर्चच्या माळ्यावर, असं या वादकांचं आयुष्य.

यात बायका कुठे होत्या? २२ नोव्हेंबर १९०३ला पोप दहावे पायस यांनी चर्चच्या संगीताबद्दल एक फर्मान काढलं. तो संत सिसिलियाचा, म्हणजे संगीतकारांच्या संतिणीचा दिवस. फर्मानात म्हटलं होतं की क्वायर ही उपासनेतली एक पदवी आहे, म्हणून स्त्रियांना क्वायरमध्ये घेऊ नये. सोप्रानो आणि आल्टोचे आवाज हवे असतील तर मुलगे घ्यावेत. पियानोही चर्चमधून बाद. संतीण स्त्री, दिवस तिचा, आणि बंदी स्त्रियांवर! ही बंदी जगभर सारखी पाळली गेली नाही, आणि १९५५मध्ये बाराव्या पायस यांनी ती सैल केली. पण पन्नास वर्षं अधिकृत नियम हाच होता. आल्टो म्हणजे आवाज न फुटलेला मुलगा.

मुलींचं शिक्षण वेगळ्या दाराने झालं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पियानो शिकवला, चॅपलमध्ये मुलींकडूनच दोन आवाजांत हिम गाऊन घेतले. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा, त्यांचे ग्रेड, पियानोची टीचर, धोबीतलावच्या फुर्तादोंच्या दुकानातून आणलेली पुस्तकं, हे मध्यमवर्गीय कॅथलिक आणि पारशी घरांचं नेहमीचं झालं. मुलग्याला मेस्त्रने पोटापाण्यासाठी शिकवलं; मुलीला सिस्टरने वळण म्हणून शिकवलं. पोटापाण्याचं संगीत काम संपलं की संपलं. वळण म्हणून आलेलं मात्र साठीपर्यंत टिकलं. आजच्या क्वायरमधल्या बायकांकडे बघितलं की मला हाच फरक दिसतो.

१९५६मध्ये व्हिक्टर परंज्योती यांनी मुंबईत एक क्वायर काढला. ते आकाशवाणीतले अधिकारी, दक्षिणेकडचे, ख्रिस्ती संगीतात मुरलेले. हा क्वायर कुठल्याच चर्चचा नव्हता. त्यात कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते, पारशी होते. बाख आणि पॅलेस्ट्रिना यांच्या शेजारी ते भारतीय लोकगीतं चार आवाजांत बसवून गात. परंज्योतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही रचना परदेशातल्या क्वायरनीही उचलली. साधारण त्याच दशकात संगीतकार सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर उभा केला. त्याचं मूळ इप्टाच्या लोकनाट्य चळवळीत, आणि त्यांनी बंगाली-हिंदी गाण्यांना हार्मनी दिली. परंज्योती १९६७मध्ये गेले आणि सूत्रं आली कुमी वाडिया यांच्याकडे. पुढची पन्नास वर्षं परंज्योती अकादमी कोरसपुढे उभी राहून हात चालवणारी व्यक्ती एक पारशी बाई होती. ज्या चर्चने बायकांना गायला बंदी केली, त्या चर्चमध्ये वाढलेले टेनर आणि बास आता एका बाईच्या हाताकडे बघून श्वास घेत होते. वाडियांनी हा क्वायर युरोप-अमेरिकेत नेला, अनेक भाषांत गाऊन घेतलं. भारतातल्या पहिल्या स्त्री कंडक्टर म्हणून त्यांचं नाव घेतात.

मधल्या काळात, साठच्या दशकात, चर्चच बदललं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेबद्दलचा जाहीरनामा ४ डिसेंबर १९६३चा. बरोबर एक वर्षाने, डिसेंबर १९६४मध्ये, पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले. लॅटिन मागे पडली, लोकांच्या भाषा आल्या. वसईत मराठी आली आणि रुजली. तिथली गायनमंडळं आजही मराठीत गातात. वांद्र्यात बहुतांशी इंग्रजी आली, कोकणी-मराठी मिस्सा कडेला राहिल्या. सगळ्यांनी मिळून गावं असा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण सगळ्यांनी गायचं तर चाल सोपी हवी आणि एकच हवी. गिटार आली, माळ्यावरचा क्वायर खाली वेदीशेजारी आला, मोतेत कपाटात गेले. गोव्यातही चर्चच्या शाळा ओसरल्या, मेस्त्र म्हातारे झाले.

इथे लोक हळहळतात, मला तसं वाटत नाही. चर्चने सोडलेली चार आवाजांची कला वांद्र्याच्या माणसांनी बाहेर नेली आणि तिचे चेंबर क्वायर झाले. वीस-तीस माणसं, बहुतेक वेळा वाद्य नाही, एका आवाजाला पाच-सहा जण; लपायला जागाच नाही. नाताळच्या आधी एनसीपीएच्या सभागृहात स्टॉप-गॅप्स या क्वायरचे कार्यक्रम वर्षानुवर्षं भरत आले, ते ऐकायला वांद्र्याहून गाड्या भरून लोक जात. चर्चमधून बाहेर पडल्यामुळेच हे गाणं ख्रिस्ती नसलेल्यांनाही खुलं झालं. आज अशा क्वायरमध्ये डोकावलं तर तीन प्रकारची माणसं एकत्र दिसतात. कागद न वाचता कानाने भाग पाठ करणारी, पॅरिश क्वायरमध्ये घडलेली. ग्रेडच्या परीक्षा दिलेली, वाचण्यात पक्की पण गळा जरा कोरडा. आणि हिंदुस्थानी किंवा सिनेमाच्या गाण्यातून आलेली तरुण मंडळी, ज्यांना मींड टाळायला शिकवावं लागतं. मधल्या प्रकारातून क्वचित एखादी पुढे जाते. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारियो लंडनला गेल्या आणि संगीतकार जॉन टॅव्हनर यांनी त्यांच्या आवाजासाठी कितीतरी रचना लिहिल्या. बाकीच्या मंडळींना क्वायर म्हणजे काय हे लोकांना सांगावं लागे, ते २०१०नंतर थोडं कमी झालं, कारण शिलाँग चेंबर क्वायरने टीव्हीवरची स्पर्धा जिंकून घराघरांत हार्मनी पोचवली.

आता राहिलं मराठी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजन मराठी चालीत आणलं, ते प्रोटेस्टंट मंडळींत आजही गातात, पण एका चालीवर. रानवर-चिंबईच्या लग्नगीतांना कुणी चार आवाज दिले तर ती गाणारे गळे त्याच गल्ल्यांत आहेत आणि त्यांना कागद वाचता येतो. जर्मन, लॅटिन, स्पॅनिश, झुलू गाणाऱ्या या माणसांसाठी मराठीत लिहिलेलं फार थोडं आहे. आपल्याकडे उत्तम संगीतकार आहेत, अरेंजर आहेत. त्यांनी ओवी घ्यावी, उंबराच्या पाण्याचं गाणं घ्यावं, चार आवाजांत मांडावं आणि वांद्र्याच्या एखाद्या क्वायरकडे द्यावं. आणि मधल्या दोन ओळींसाठी का होईना, चाल आल्टोला द्यावी.