गुरूच्या गोफणीतून सुटलेली भैरवी

आज गुरूवर जायचंय. पत्रिकेतल्या नाही, आकाशातल्या.

नासाचं व्हॉयजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. तिच्यात मराठीतून नमस्कार आहे आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आपल्या रहिमतपूर स्टेशनवरून गाडी जाते ना, त्या कोल्हापुरात त्या लहानपणी अब्दुल करीम खाँकडे शिकल्या. पुढे अल्लादिया खाँकडे वर्षानुवर्षं तालीम. यान सुटल्यावर ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्या मुंबईत गेल्या. आणि १८ तारखेला यानाने सुमारे १ कोटी १७ लाख किलोमीटरवरून पृथ्वी आणि चंद्र एकाच फोटोत टिपले. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मला काही सुचत नाही.

पण तबकडी हे नुसतं सामान. यानाची ड्युटी होती गुरू आणि शनी.

५ मार्च १९७९ ला ते गुरूच्या ढगांपासून सुमारे २ लाख ८० हजार किलोमीटरवर पोचलं. तिथून सिग्नल यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागायचा, म्हणजे जॉयस्टिक धरून चालवणं शक्यच नाही. सगळा प्रोग्रॅम आधीच भरून ठेवायचा. आणि सगळे कॉम्प्युटर मिळून मेमरी किती, तर जेमतेम ७० केबी! आत्याने पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो.

तीन दिवसांनी, पुढे गेल्यावर, यानाने आयो या गुरूच्या चंद्राचा फोटो काढला. लिंडा मोराबिटो ही नेव्हिगेशन इंजिनियर त्यात मागचे तारे शोधत होती, यान नेमकं कुठंय ते कळावं म्हणून. अंधुक तारे दिसावेत म्हणून तिने फोटो उजळला, तर आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग! तो जागृत ज्वालामुखी निघाला. पृथ्वीबाहेर सापडलेला पहिलाच. आमच्या धंद्यात असे शोध डिबगिंग करतानाच लागतात.

आता गोफण. ज्वारीवरची पाखरं हाकायला गोफण फिरवून दगड सोडतात, साधारण तसंच. गुरू स्वतः सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने सूर्याभोवती पळतोय. त्याच्या ओढीत नेमक्या बाजूने शिरलं की त्यातला थोडा वेग यानाला मिळतो. तो मिळाला नसता, तर व्हॉयजर सूर्याच्या तावडीतून सुटलंच नसतं. केसरबाईंचा आवाज सूर्याभोवतीच घिरट्या घालत राहिला असता. तो २०१२ साली ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचला.

ती भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे, यूट्यूबवर मिळते. हेडफोन लावून ऐका.