खेळणे आणि साधन : दादरचे शिशुविहार व गिरणगावातील बालपण

मुंबईतील बालशिक्षणाच्या इतिहासात इ. स. १९३६ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी त्या वर्षी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केले. मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीत खेळण्यापेक्षा साधनाला अधिक मान होता. बाहुली मुलाला रमविते. साधन त्याला त्याची चूक दाखविते. लाकडी दट्टा चुकीच्या भोकात घातला, तर शेवटी एक दट्टा उरतो आणि शिक्षिकेने काही न सांगता मूल पुन्हा आरंभ करते.

परंतु अशी साधने मोजूनमापून घडवावी लागत. ती महाग पडत. दादरपासून फार दूर नसलेल्या परळ-लालबागच्या चाळींत, एका खोलीच्या बिऱ्हाडांत गिरणीकामगारांची मुले वाढत होती. त्यांच्या लगोरीला फुटक्या फरशीचे तुकडे पुरत. सागरगोटे म्हणजे तर गजग्याच्या बिया. एक गोटा वर उडवून तो खाली येण्यापूर्वी जमिनीवरचे एक, दोन, तीन असे उचलताना हात, डोळा आणि मोजणी यांचा मेळ बसतो. चूक येथेही कोणी सांगावी लागत नाही. निसटलेला गोटाच ती सांगतो. मॉन्टेसरी साधनाचा हा मुख्य गुण चाळीच्या जिन्यावर विनामूल्य उपलब्ध होता. मात्र त्याची गणना शिक्षणात होत नसे, असेच म्हणावे लागते.

साधनांच्या खर्चाचे उत्तर ताराबाईंनी शहराबाहेर शोधले. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या सहकार्याने, त्यांनी शंखशिंपले, खडे, बिया व पाने यांनाच साधनाचा दर्जा दिला. आदिवासी पाड्यांवरील त्यांच्या प्रयोगातील ‘अंगणवाडी’ हे नाव १९७५ च्या केंद्रीय बालविकास योजनेमुळे देशभर रूढ झाले.

गिरणगावच्या खेळाला विकतच्या साधनांची गरज नव्हती, जागेची होती : सामाईक गॅलरी, जिना, दोन चाळींमधला चौक. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर उंच इमारती आल्या. चाळींच्या पुनर्बांधणीत घरोघरी स्वतंत्र शौचालय आले, ही सोय थोडी नव्हे. सामाईक गॅलरी मात्र नव्या आराखड्यांत बहुधा उरली नाही.