अपत्याची पोटगी (घटस्फोटानंतर)

घटस्फोटानंतर अपत्याचे अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण व औषधोपचार यांसाठी आई-वडिलांनी करावयाच्या आर्थिक तरतुदीस अपत्याची पोटगी असे म्हणतात. घटस्फोटाने पती-पत्नीचे नाते संपुष्टात येते. अपत्याशी असलेले नाते मात्र कायम राहते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात काही वेळा वडील मुलाच्या ताब्यावरील हक्क सोडतात आणि आई पोटगी न मागण्याचे लिहून देते. पोटगीचा हक्क अपत्याचा स्वतःचा असल्यामुळे अशा कराराने तो नष्ट होत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार ही जबाबदारी आई व वडील या दोघांवरही असते. विधिवत दत्तकविधान झाल्यास मात्र अपत्य दत्तक कुटुंबाचे होते.

सर्वधर्मीयांना लागू असलेली पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. अर्ज पत्नीच्या निवासाच्या जिल्ह्यातही करता येतो व घटस्फोटित स्त्रीचा समावेश 'पत्नी' या संज्ञेत होतो. त्यामुळे वडील ऊसतोडणीसाठी परजिल्ह्यात गेले असले, तरी तलवाडा येथे राहणाऱ्या आईस बीड जिल्ह्यातच दाद मागता येते.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय ठरवली. ती थकविल्यास कारावास होऊ शकतो. कारावास भोगल्याने थकबाकी मात्र फिटत नाही.