सेंटिमॉर्गनच्या शेजारचे कोसंबी

भात, हरभरा किंवा गव्हाच्या जनुकांचा नकाशा मांडणारा शोधनिबंध उघडला, की त्यातल्या पद्धतींच्या भागात एक वाक्य बहुधा भेटतं: जनुकांमधली अंतरं ‘कोसंबी फलन’ वापरून सेंटिमॉर्गनमध्ये काढली. नकाशे करणाऱ्या मॅपमेकर, जॉइनमॅप यांसारख्या संगणकप्रणालींतही ‘हाल्डेन की कोसंबी’ असा पर्याय असतो. हे कोसंबी म्हणजे प्राचीन भारताचे इतिहासकार, धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबीच. पेशानं ते गणिती होते.

सेंटिमॉर्गनमधलं आडनाव टॉमस हंट मॉर्गन यांचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते फळमाश्यांवर प्रयोग करत. त्यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यानं १९१३ साली जनुकांचा पहिला नकाशा छापला. युक्ती साधी होती. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकं जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. शंभरांत एका संततीत ताटातूट दिसली, तर अंतर एक एकक. त्यालाच पुढे सेंटिमॉर्गन म्हणू लागले.

जवळच्या जनुकांना हा हिशेब चालतो, लांबच्यांना चालत नाही. मधल्या जागेत दोनदा अदलाबदल झाली, तर दुरावलेली जनुकं पुन्हा एकत्र येतात आणि मोजणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही. त्यामुळे अंतर कितीही वाढलं, तरी ताटातुटीचं प्रमाण पन्नास टक्क्यांवर अडतं. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये या लपलेल्या अदलाबदलींची भर घालणारं सूत्र दिलं. त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात मात्र एका ठिकाणी अदलाबदल झाली, की लगतच्या भागात दुसरी होणं अवघड होतं. हा अटकाव न धरल्यानं हाल्डेन यांचं अंतर फुगतं.

कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी या दुखण्यावर उपाय काढला. लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’च्या १९४३-४४च्या बाराव्या खंडात त्यांचा जेमतेम चार पानांचा लेख आहे. त्यांनी एक सोयीचं गृहीतक घेतलं: अगदी जवळ पूर्ण अटकाव, अंतर वाढेल तसा तो सैल आणि ताटातुटीचं प्रमाण पन्नास टक्क्यांना पोचलं की शून्य. त्यातून एका ओळीचं सूत्र निघालं, तेच ‘कोसंबी फलन’.

फरक आकड्यांत पाहावा. दोन जनुकांची ताटातूट ३० टक्के संततीत दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्रानं अंतर ४५.८ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्रानं ३४.७. प्रमाण १ टक्का असेल, तर दोघांचं उत्तर जवळपास एकच, एक सेंटिमॉर्गन.

हे गृहीतक पेशीत घडणाऱ्या प्रक्रियेवरून काढलेलं नव्हतं, आकड्यांशी जुळणारं होतं. पुढे अटकावाची याहून काटेकोर गणितं मांडली गेली. पण कोसंबींचं सूत्र आटोपशीर आणि बऱ्याच पिकांना पुरेसं जवळचं, म्हणून प्रयोगशाळांत तेच रुळलं. नावं टिकण्याचा न्याय मात्र अजब आहे. यादृच्छिक प्रक्रियांच्या विस्ताराचा जो सिद्धान्त कोसंबींनी १९४३ मध्ये मांडला, तो जगभर कार्हुनेन आणि लोएव्ह या नंतरच्या दोघांच्या नावानं चालतो. कोसंबींचं नाव त्याला क्वचितच जोडलं जातं. जनुकशास्त्र हा काही त्यांचा मुख्य विषय नव्हता, तरी तिथे चार पानांवर नाव कायम झालं.

आज नकाशांवर खुणा (मार्कर) इतक्या दाट असतात, की शेजारच्या दोन खुणांपुरतं कोणतं सूत्र घेतलं यानं फारसं बिघडत नाही. विरळ खुणांच्या जुन्या नकाशांत मात्र गुणसूत्राची एकूण लांबी त्यावर बदलते. म्हणून दोन नकाशांची तुलना करण्याआधी जाणकार सूत्राचं नाव तपासतात. एक हाल्डेनचा आणि दुसरा कोसंबीचा निघाला, तर त्यांचे सेंटिमॉर्गन थेट ताडून पाहता येत नाहीत.