ब्रिटिश सत्तेचा अस्त : १९४२ चे आंदोलन आणि १९४६ चा नौदल उठाव

भारतातील ब्रिटिश सत्ता का संपुष्टात आली, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. राष्ट्रीय चळवळीने ती हटविली, हे एक. दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटन दुर्बल झाले, हे दुसरे. दोहोंतही तथ्य आहे. परंतु ऑगस्ट १९४२ च्या वादळात टिकलेली सत्ता अवघ्या साडेतीन वर्षांनी का डळमळली, याचा पूर्ण उलगडा त्यांतून होत नाही. प्रस्तुत लेखात राज्ययंत्रणेच्या निष्ठेच्या अंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

१९४२ चे आंदोलन हे १८५७ नंतरचे सर्वांत गंभीर बंड होय, असे व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिल यांना कळविले होते. रेल्वेमार्ग उखडले गेले, तारा तोडल्या गेल्या. सातारा जिल्ह्यात तर क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार १९४६ पर्यंत तग धरून होते. तरीही बहुतेक ठिकाणी काही महिन्यांतच आंदोलन दडपले गेले. याचे कारण उघड आहे : फौज, पोलीस व मुलकी नोकरवर्ग एकंदरीत आज्ञेत राहिले आणि त्यांत भारतीयांचाच भरणा होता.

युद्धाने नेमका हाच पाया बदलला. सुमारे दोन लाखांचे भारतीय सैन्य २५ लाखांच्या घरात गेले. ब्रिटनच्या युद्धखर्चापोटी भारताच्या नावे लंडनमध्ये सुमारे १३० कोटी पौंडांची स्टर्लिंग शिल्लक साचली. कालचा ऋणको आज धनको झाला. सनदी सेवेतील इंग्रज अधिकाऱ्यांची नवी भरती थांबली. इंग्रज सैनिकांना घरी परतण्याची ओढ लागली होती. जानेवारी १९४६ मध्ये कराचीसह अनेक तळांवर ब्रिटिश हवाई दलाच्या सैनिकांनीच संप केला, ही बाब आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. त्यातच नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्याने निष्ठा नेमकी कोणाशी, हा प्रश्न बराकींत नेऊन पोहोचविला.

या पार्श्वभूमीवर १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या नाविक प्रशिक्षण केंद्रात संप सुरू झाला. निकृष्ट अन्न, वंशभेदी शिवीगाळ, वेतनातील तफावत ही तात्कालिक कारणे होती. मात्र आझाद हिंद सैनिकांच्या सुटकेची मागणीही त्यांत होती. पाहता पाहता ७८ नौका, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नाविक त्यात ओढले गेले. २१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी गिरणी कामगारांसह मुंबई रस्त्यावर उतरली. या दंगलीत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली. त्या महिन्याच्या अखेरीस जबलपूर येथील लष्करी सिग्नल केंद्रातही असंतोष उफाळला.

या उठावामुळेच कॅबिनेट मिशन भारतात आले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते कालक्रमास धरून नाही. मिशनची घोषणा १९ फेब्रुवारीस झाली असली, तरी निर्णय त्याआधीच झाला होता. उठावाचे महत्त्व वेगळे आहे. वाटाघाटी फिसकटल्यास १९४२ प्रमाणे बळाने राज्य राखण्याचा जो पर्याय हाती होता, तो आता भरवशाचा राहिला नाही. वेव्हेल यांनी त्याच वर्षी प्रांताप्रांतांतून टप्प्याटप्प्याने माघार घेण्याची योजना मांडली, यावरून ही जाणीव किती खोल होती ते दिसते. २० फेब्रुवारी १९४७ रोजी ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याची घोषणा केली.

काँग्रेस व मुस्लीम लीग यांच्या नेत्यांनी नाविकांना शरण जाण्याचा सल्ला दिला, याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली आहे. परंतु लवकरच हेच सैन्य आपल्याला चालवावयाचे आहे, हे वल्लभभाई पटेल ओळखून होते. सैन्यातील शिस्तभंग त्यांना परवडणारा नव्हता. शिक्षा होणार नाही, हे नेत्यांचे आश्वासन मात्र पाळले गेले नाही. शेकडो नाविक बडतर्फ झाले आणि स्वातंत्र्यानंतर भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलाने त्यांना पुन्हा सेवेत घेतले नाही.