बियाणं की जमीन?

सेनगाव तालुक्यात पेरलेलं सोयाबीन उगवलं नाही, की शेतकरी आधी बियाण्याच्या पिशवीकडे बोट दाखवतो. गर्भ टिकला नाही, की तेच गाव सुनेकडे बघतं. शेतात दोष बियाण्याचा, घरात मात्र जमिनीचा. हा उलटा न्याय विज्ञानाने कसा मोडत नेला, त्याचा हा छोटा इतिहास.

१९४८ मध्ये रोलिन हॉचकिस यांना वासराच्या डीएनएत एक वेगळी गोष्ट दिसली. काही सायटोसिनना मिथिल गट चिकटलेला होता. ही खूण कशासाठी, याचं पटणारं उत्तर यायला १९७५ उजाडलं. हॉलिडे आणि प्यू यांनी एकीकडे, रिग्ज यांनी दुसरीकडे मांडलं, की ती जनुकं चालू-बंद ठेवते. पोथी तीच, पण कुठलं पान उघडायचं ते खूण ठरवते. १९८४ मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एकट्या आईच्या किंवा एकट्या बापाच्या जनुकांवर उंदराचा गर्भ पूर्ण वाढतच नाही. दोघांच्या खुणा वेगळ्या असतात.

बापाच्या खुणा लागतात त्या वृषणात. तिथल्या बीजपेशींवरच्या जुन्या खुणा पुसल्या जातात आणि नव्या उमटतात. आयजीएफ-२ हे वाढीचं जनुक घ्या. गर्भात त्याची बापाकडून आलेली प्रत चालते, आईची गप्प राहते. २००३ मध्ये डुकरांत आढळलं, की या जनुकातलं एकच अक्षर बदललं तर मांस वाढतं, पण तो बदल बापाकडून आला तरच.

पुढचा धागा मुंबईत परळला सापडतो. राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नर उंदरांना टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं. त्यांच्या शुक्राणूंत आयजीएफ-२ शेजारच्या खुणा घटल्या आणि गर्भ गळण्याशी त्याचा संबंध दिसला. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये त्यांनी माणसांबद्दल लिहिलं. कारण न सापडता वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांतल्या पुरुषांत, नेहमीची वीर्यतपासणी ठीक असूनही, त्याच जागी खुणा कमी होत्या.

प्रत्येक गर्भपाताचं कारण बापच, असं यातून ठरत नाही. पण कारण फक्त आईत शोधायचं, याला आता आधार उरलेला नाही. पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो. दवाखान्यातल्या फाइलवर मात्र बहुतेकदा तिचं एकटीचंच नाव असतं.